मदत हवी आहे: 10 फुटी घरगुती शिडाच्या होडीला बाजूची फळी लावू, उलांडी लावू, की दोन्ही?

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासूनचे सगळे शनिवार-रविवार खर्ची घालून मी एक शिडाची होडी बांधली आहे. लांबी 10 फूट, रुंदी 4 फूट. 6 मिमी मरीन प्लाय तांब्याच्या तारेने टाचून घेतला आणि सांध्यांवर इपॉक्सी व फायबर ग्लासची पट्टी चढवली. बूड पूर्ण सपाट आहे, खाली कणा नाही. डोलकाठी बांबूची. शीड ताडपत्रीचं, काटकोनी त्रिकोणी: खालची कड 2.7 मीटर, उंची 3.6 मीटर, म्हणजे जेमतेम 5 चौरस मीटर. होडी मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीत असते.

वारा पाठीशी असला की ती इतकी सुंदर चालते की सांगता येत नाही. अडचण परतीच्या वाटेची आहे. वाऱ्याच्या दिशेने तिरकी चढवायला गेलं की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर रोखलेली असते आणि होडी मात्र खेकड्यासारखी आडवी घसरत जाते. मागच्या महिन्यात दुपारी वायव्येचा वारा धरून खाली गेलो. परत फिरायच्या वेळी ओहोटी लागली होती. चार वेळा दिशा बदलली, आणि दर वेळी समोरचा तोच माड आणखी थोडा मागे पडलेला दिसायचा. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे ओढला जातोय हे कळल्यावर शीड उतरवलं आणि तासभर वल्ही मारून काठ गाठला. सोबत माझी 11 वर्षांची मुलगी होती. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी त्या दिवसानंतर तिला होडीत घेतलेलं नाही. वाऱ्याविरुद्ध परत येता आल्याशिवाय घेणारही नाही.

आमच्या वाडीतल्या एका जुन्या तांडेल आजोबांना होडी दाखवली. त्यांनी आधी सांध्यावरून बोट फिरवलं, तारेची भोकं मोजावीत तसं. मग म्हणाले, "शिवलेली होडी ही!" त्यांच्या लहानपणी फळ्या काथ्याने शिवलेल्या होड्या इथल्या किनाऱ्यावर सर्रास असायच्या. बूड बघितल्यावर मात्र मान हलवली. "ही होडी नाय रे, पाट आसा. पाट पाण्यार घसरतलोच. उलांडी बांध."

उलांडीने, म्हणजे आडव्या बांबूंवर होडीच्या बाजूला बांधलेल्या तरंगत्या ओंडक्याने, होडी कलंडणार नाही हे पटतं. पण माझ्या समजुतीप्रमाणे कलंडणं आणि घसरणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. घसरणं थांबवायला पाण्यात खोल उभी फळी लागते. होडीच्या मधोमध बूड कापून तशी फळी बसवायची माझी तयारी नाही, गळतीची भीती वाटते. नेदरलँड्सच्या उथळ पाण्यातल्या जुन्या सपाट बुडाच्या जहाजांना दोन्ही बाजूंना बाहेरून फळ्या टांगलेल्या असतात आणि वाऱ्याखालच्या (वारा जिकडे वाहतो त्या) बाजूची तेवढी पाण्यात सोडतात. तीच युक्ती करून बघितली.

शिडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण 4 टक्के फळी पाण्यात हवी असा ढोबळ हिशोब धरला. 25 सेंमी रुंद आणि पाण्याखाली 80 सेंमी, म्हणजे 0.2 चौरस मीटर. 18 मिमी प्लायची फळी केली, पुढची कड गोल, मागची निमुळती. डाव्या काठाला दोन सी-क्लँपने आवळली आणि पाण्यात गेलो.

पहिल्याच फेरीत फरक कळला. घसरणं निम्म्याहून कमी झालं असेल. पण होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी ओढून धरावा लागला. घरी येऊन मोजलं. शिडाचा मध्य डोलकाठीच्या मागे 90 सेंमीवर येतो आणि मी फळी त्याच्या बरीच पुढे लावली होती, कारण तिथे क्लँपला जागा होती. वारा पडलेला असताना सुकाणू सरळ बांधून होडीला बांबूने आडवी ढकलून पाहिली. जिथे ढकलल्यावर ती न फिरता सरळ आडवी सरकते, ती जागाही शिडाच्या मध्याच्या पुढेच निघाली. फळी 25 सेंमी मागे घेतल्यावर दांडा एका हातात राहायला लागला.

आता खरी अडचण. वारा उजवीकडून असला की फळी वाऱ्याखाली येते, पाणी तिला होडीच्या अंगावर दाबतं, सगळं छान. वारा डावीकडून आला की पाणी तिला बाहेर उपसतं. क्लँप सरकतात आणि काठाची 20×40 मिमीची सागवानी पट्टी पिळली जाते. परवा त्या पट्टीखाली इपॉक्सीत केसाएवढी चीर दिसली. नखाला लागते. तेव्हापासून होडी पाण्यात घातलेली नाही.

म्हणून विचारतो. दोन्ही बाजूंना फळ्या लावून फक्त वाऱ्याखालची सोडावी, की एकच फळी ठेवून तिच्याबाहेर काठाला समांतर आडवी पट्टी घालून तिला कैचीत धरावी? एका फळीवर निभावलं तर होडीत जागा वाचेल. भार काठावर एकवटू नये म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत आडवा दांडा टाकून फळी त्याला टांगली तर 6 मिमीच्या प्लायला झेपेल का? आणि ती चीर नुसती घासून भरू, की आतून बाहेरून फायबर ग्लास घेऊ?

उलांडीचा विचारही सोडलेला नाही, मुलीला न्यायचं तर ती हवीच. आजोबा पांगाऱ्याचं लाकूड म्हणतात, हलकं असतं म्हणून. मला 160 मिमीचा 2 मीटर पीव्हीसी पाइप दोन्ही टोकं बंद करून सहज मिळतो. पूर्ण बुडाला तर 40 किलोच्या आसपास उचल देईल, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. आडवे बांबू बोल्टने न कसता नायलॉन दोरीने बांधायचे असं ठरवलंय, लाटेवर थोडी लवचीकता राहावी म्हणून. एकाच बाजूला उलांडी असलेली होडी शिडावर चालवलेलं कुणी आहे का? वारा उलांडीच्या बाजूने असताना ती पाण्यातून उचलली जाते तेव्हा तुम्ही काय करता, वजन तिकडे सरकवता की शीड ढिलं सोडता? आणि बाजूची फळी उलांडीच्याच अंगाला लावावी की विरुद्ध?

पावसाआधी चार-पाच रविवार हातात आहेत. फळी टांगायची पद्धत कुणाच्या होडीवर असेल तर जोडाचा जवळून काढलेला फोटो टाका, बोल्ट कुठे आणि आतून आधार कसा दिलाय ते दिसेल असा.