डिकिन्सन गेला म्हणजे मेडन संपला?

कुणीतरी लिहिलंय की १९९३ला गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला तिथंच आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड संपला. अहो, डिकिन्सन तरी कुठं पहिल्यापासून होता? १९८१ला पॉल डिआनोच्या जागी आलेला तो. १९७५पासून बँड धरून बसलाय तो स्टीव्ह हॅरिस. बास गिटारही त्याचीच आणि बरीचशी गाणीही त्याचीच.

डिकिन्सननंतर गायक म्हणून आलेल्या ब्लेझ बेलीची वर्षं पडती गेली, मान्य. पण डिकिन्सनच्या पट्टीतली गाणी त्याच्या खर्जाच्या गळ्यावर लादली, त्याला तो काय करणार? १९९९ला डिकिन्सन आणि जुना गिटारवाला एड्रियन स्मिथ परतले तेव्हा स्मिथच्या जागी आलेल्या जॅनिक गर्सला घरी न पाठवता सरळ तीन गिटार ठेवल्या. माझ्या मते खरी हुशारी हीच. आपल्याकडं मंडळात नवा ढोलवाला आला की जुना रुसून बसतो.

मार्च २००७ला ते बेंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आले. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरची पोरं राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून गेलेली. नुसती जुनी नाहीत, २००६च्या अल्बममधलीही गाणी वाजवली की त्यांनी. संपलेला बँड असं करतो होय? डिसेंबर २०२४ला ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला, तरी २०२५ला सायमन डॉसनला घेऊन निघालेच.