शेंगदाण्यावर उगाच आळ नको
कुणीतरी लिहिलंय की डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या लहान पिशव्यांना सूज येणं) झाला की शेंगदाणे, तीळ, टोमॅटो जन्माचे बंद. आमच्या सासूबाईंनी याच धाकाने वर्षभर शेंगदाण्याच्या चटणीला हात लावला नव्हता. बिया आतड्याच्या पिशव्यांत अडकतात ही जुनी समजूत. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांचा १८ वर्षं पाठपुरावा केला, २००८ साली निष्कर्ष आले: दाणे, मका खाणाऱ्यांत हा त्रास वाढलेला नव्हता.

सासूबाईंना डाव्या ओटीपोटात कळ, बारीक ताप. आम्ही दोन दिवस गॅस समजून ओवा-हिंगावर काढले, तो आमचाच गाढवपणा. शेवटी सीटी स्कॅनमध्ये निदान झालं. आपल्याकडे हे उजव्या बाजूलाही होतं, मग अपेंडिक्स वाटून गोंधळ उडतो. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) लगेच का करत नाहीत, असंही कुणी विचारलंय. सुजलेल्या आतड्याला भोक पडायची भीती असते, म्हणून साधारण सहा-आठ आठवड्यांनी करतात.

सौम्य झटक्यात, बाकी तब्येत धड असेल, तर अँटिबायोटिक लागतंच असं नाही. ते डॉक्टरच ठरवतील. पहिले काही दिवस पेज, ताक, सूप. भाकरी, उसळी, पालेभाज्या नंतर, हळूहळू वाढवत. आणि गुडघेदुखीला रोज आयबुप्रोफेन घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्याने धोका वाढतो. सासूबाई नेमक्या तेच लपवून घेत होत्या!

पोट लाकडासारखं कडक झालं, ताप चढला किंवा रक्त पडलं, तर इथे विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.