बुवांनी बुवांना चिडवावं, पखवाजवाल्याला का?

कुडाळकर

यंदाच्या जत्रांत ऐकलेल्या डबलबाऱ्यांवरून हा धागा काढतोय. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सिंधुदुर्गात आणि मुंबईतल्या आपल्या चाकरमान्यांत भजनाचा सामना होतो, तीच डबलबारी. दोन बुवा म्हणजे मुख्य गायक, दोघांचे आपापले पखवाजवाले, झांजवाले आणि कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. अभंग, गवळण, गजर अशी बारी चढत जाते आणि मधूनमधून बुवा एकमेकांची टर उडवतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. टोमणा हवाच, त्याच्यासाठीच माणसं पहाटेपर्यंत बसतात.

माझं म्हणणं साथीदारांपुरतं आहे. हल्ली समोरच्या बुवांना बोलून झालं की मोर्चा पखवाजवाल्याकडे वळतो. जाडा असला तर 'पिंप', दात पुढे असले तर 'आदोळी', म्हणजे विळी. "ह्येचा पॉट पखवाजापेक्षा जास्त घुमता" असं माइकवरून म्हटलं की मंडपात शिट्ट्या पडतात, बक्षिसाच्या नोटा येतात. बुवांना बोललात तर थोड्या वेळाने माइक त्यांच्या हातात जातो आणि ते व्याजासकट परत करतात. पखवाजवाल्यापुढचा माइक वाद्याला लावलेला असतो. यंदा एका बारीत अगदी पुढे बसलो होतो. पोरगा विशीचासुद्धा नसेल. नाव पाडलं तेव्हा तो पखवाजाच्या डाव्या पुडीवरची, म्हणजे चामड्यावरची, कणीक अंगठ्याने दाबत राहिला. ती आधीच नीट बसलेली होती. ज्याला उलट बोलायची पाळीच मिळत नाही त्याला चिडवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गजरवेडा

कुडाळकर, तुमच्या भावनेचा मान राखून सांगतो, तुम्ही पखवाजवाल्याला उगाच बिचारा करून टाकलात. मी स्वतः वाजवतो. माझे डोळे घारे, म्हणून मला 'बोको' म्हणतात. समोरचे बुवा एकदा म्हणाले, "बुवानू, तुमच्या बोक्यान आज दूध पिऊक नाय वाटता." पुढच्या गजरात मी लय अशी चढवली की त्यांच्या झांजवाल्याने मान हलवून दाद दिली. पखवाजवाल्याचं उत्तर पुडीवरून येतं आणि रसिकांना ते बरोबर कळतं.

आणि नावाचं म्हणाल तर आमच्या पंचक्रोशीत सगळेच परब, सगळेच सावंत. त्यात पुन्हा नावंही तीच. पोस्टरवर नुसतं नाव-आडनाव छापलं तर कोण येणार ते गावकऱ्यांना समजतच नाही. कंसात 'बोको' आलं की माणसं म्हणतात, चला, आज पखवाज आहे. ही ओळख मला बुवांनीच माइकवरून दिली.

कुडाळकर

तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला नाव आहे, म्हणून तुम्हाला ते पेलतं. मी बोलतोय तो पहिल्यांदा व्यासपीठावर बसलेल्या पोराबद्दल. लय चढवून उत्तर देण्याइतका तो अजून तयार नसतो. आणि घाऱ्या डोळ्यांवरून 'बोको' म्हणणं नि दातांवरून 'आदोळी' म्हणणं यांतला फरक तुम्हालाही कळतो.

फडावरचा

मी देशावरचा, तमाशा ऐकत वाढलेला. आमच्याकडे हा प्रश्न इतका येत नाही, कारण तिथे मागच्या माणसालाही तोंड असतं. बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, सोंगाड्या आणि सरदाराची जुंपते तेव्हा मागे सूर धरणारे सुरत्ये, झीलकरी मध्येच बोलतात, सोंगाड्याला टपल्या मारतात. कळ काढणारा आणि ज्याची काढली तो, दोघेही बोलत असतात.

नावाने माणूस लहान होतो हे मात्र मला पटत नाही. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (1744–1819) हे आडनावाने घोलप. फंदी हे लोकांनी दिलेलं नाव, आणि टिकलं तेच. कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांना महाराष्ट्र काळू-बाळू म्हणूनच ओळखतो. ही नावं त्यांच्या कामातून आली आणि त्यांनी ती अभिमानाने मिरवली. माझं मत विचाराल तर चिडवणं बंद करण्यापेक्षा पखवाजवाल्यापुढे बोलायचा एक माइक ठेवा. उत्तर द्यायला शिकू द्या त्याला.

मृदंगी ताई

माइक ठेवून सगळं मिटेल असं वाटणाऱ्यांनी एकदा महिलांच्या बारीला या. मी पखवाज वाजवते. मला कुणी जाडी, काळी म्हणत नाही. मला विचारतात, "तुझो घोव (नवरा) घरात रांधता काय गो?" हातोडीने गट्टे ठोकून मी वाद्य सुरात आणत असते आणि खालून आवाज येतो, "जपान गो, बांगडी फुटात." याला माइकवरून काय उत्तर देऊ? दिलं तर फाटक्या तोंडाची, नाही दिलं तर बाई लाजली.

माझ्या मते पाळी मिळते की नाही हा मुद्दा नंतरचा. चिडवता कशावरून ते बघा. माझा हात लयीत मागे पडला, तीनदा फिरवून वाजवायचं चक्रदार समेवर आलं नाही, तर हवं ते नाव पाडा. 'पॅसेंजर' म्हणा, मी हसेन आणि घरी जाऊन रियाज करेन. अंगावर, घरावर, बाईपणावर बोलायचं असेल तर बुवांनी बुवांनाही बोलू नये. त्यामुळे कुडाळकर, बुवांना तुम्ही दिलेली सूटही मला मान्य नाही.

गजरवेडा

ताई, बाईमाणसाला असं बोलणं चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण फक्त वाजवण्यावर बोला म्हणाल तर समोर बसलेल्या आजीला चक्रदार कळत नाही. तिला 'बोको' कळतो. डबलबारी गावासाठी असते, फक्त जाणकारांसाठी नाही.

हलगीचा नाद

या धाग्यात एक गोष्ट अजून कुणी बोललेलं नाही. आमच्या घरात हलगी आहे. गावच्या जत्रेत आमच्या आज्याला, बापाला नाव पाडायची गरजच नव्हती, जातीनेच हाक मारायचे. "ये रे, कातडं तापव." जाळावर हलगी शेकून ताणायला वेळ लागतो, तोवर तिथे उभं राहून हेच ऐकायचं. आता तोंडावर जात कुणी घेत नाही, कारण 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पण नाव असं पाडतात की ऐकणाऱ्याला बरोबर कळावं आणि तक्रार करणारा मात्र खोटा पडावा. वर म्हणायचं, अरे गंमत होती.

वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. पाटीवर नको असलेली गोष्ट माइकवर का चालवून घ्यायची? फडावरचे भाऊ, काळू-बाळू हे नाव मिरवता येतं. आमच्या वाट्याला आलेली नावं मिरवायची नव्हती.

फडावरचा

दादा, तुमचं म्हणणं मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते शोधणारही नाही. अशा माणसाचा माइक तिथल्या तिथे बंद करावा.

दशावताराचा पंखा

जातीचं बोलणं बंदच व्हायला हवं, त्यावर वाद नाही. पण उरलेल्या थट्टेवर नियम लावायला माझा विरोध आहे. दशावतारात आडदशावताराला, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासूर काळ्या वेशात येतो आणि मालवणीतून भटजीची रेवडी उडवतो. उद्या तिथेही नियमावली चिकटवणार का?

खरा बदल झालाय तो कॅमेऱ्याचा. गावच्या मंडपात चिडवणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखतात, सकाळी एकाच टपरीवर चहा घेतात. तीच थट्टा कापून यूट्यूबवर टाकली की त्या पोराला ओळखत नसलेली माणसंही खाली तेच नाव लिहीत बसतात. रात्रभराच्या बारीतला अभंग जातो, गवळण जाते, अर्ध्या मिनिटाचा टोमणा तेवढा फिरतो. मुलगी बघायला गेलेल्या एका पखवाजवाल्याला तिच्या भावाने त्याच नावाने हाक मारल्याचं मला माहीत आहे. ते लग्न जमलं नाही. बुवांना दोष देण्याआधी ते तुकडे कापणाऱ्यांना धरा.

कुडाळकर

पंखाभाऊ, कॅमेरा समोर असल्याचं बुवांना दिसत असतं. कुठला तुकडा फिरणार हेही त्यांना ठाऊक असतं, म्हणून तर टोमणा त्या बाजूला तोंड करून मारतात. ताई, बुवांना दिलेल्या मोकळिकीबद्दल तुम्ही म्हणता ते मला अजून पटलेलं नाही. बुवा सामन्याला तयार होऊन येतात, एकमेकांच्या रंगा-उंचीवर बोलायचं तर ते त्यांचं त्यांनी बघावं. जात मात्र कुणीच काढायची नाही, हलगीवाल्या दादांशी मी पूर्ण सहमत आहे.

आमच्या मंडळापुरतं सांगतो. पुढच्या सप्ताहाच्या बारीची सुपारी देताना दोन्ही बुवांना आधीच सांगणार आहे की साथीदाराच्या अंगावर, जातीवर, घरावर बोलायचं नाही. बोललात तर बारी तिथेच थांबवू. आणि फडावरच्यांची सूचना घेऊन दोन्ही पखवाजवाल्यांपुढे बोलायचा माइक ठेवणार.

गजरवेडा

माइक ठेवा, मी वापरेनही. पण माझ्या नावाचा निर्णय मंडळाने घ्यायचा नाही. मला बोलावलंत तर पोस्टरवर 'बोको' छापावंच लागेल.