मदत हवी आहे: स्क्रिप्ट संपली तरी फ्लॉकचं लॉक सुटत नाही

नमस्कार मंडळी. उबुंटू २२.०४ वर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) दर १५ मिनिटांनी बॅश स्क्रिप्ट चालते: डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली प्रत), जीझिपने लहान करणं, मग आरसिंकने दुसऱ्या मशीनवर नक्कल. एरवी चार मिनिटांत आटोपते, महिनाअखेरीला वीस लागतात. फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत फ्लॉक (लॉकफाइलवर लॉक मिळालं तरच कमांड चालवणारं साधन) 'उणे एन'सह लावला आहे, म्हणजे लॉक मिळालं नाही तर तो न थांबता परततो.

नेहमीच्या गोष्टी तपासल्या. क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा, म्हणून सगळ्या कमांड पूर्ण पाथसह. तारखेतल्या टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश आहे; नाहीतर क्रॉन ओळ तिथेच तोडतो.

तरी कधीकधी लॉक अडकतं आणि पुढच्या फेऱ्या मुकाट परतात. फ्लॉक अशा वेळी एकही अक्षर छापत नाही, त्यामुळे मेलही येत नाही. हेच जास्त धोक्याचं, बॅकअप थांबल्याचं कळतच नाही. एलएसओएफने (कुठली फाइल कोणी उघडी ठेवली आहे ते दाखवणारी कमांड) पाहिलं तर लॉकफाइल धरून बसला होता पायथनचा वर्कर (मागे चालणारी प्रक्रिया). डंपमध्ये चूक आली की स्क्रिप्ट त्याला नोहपने (स्क्रिप्ट संपली तरी चालू राहील असं) मागे सोडते, आणि लॉकफाइलचा उघडा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) त्याच्याकडे वारशाने जातो, म्हणून लॉक सुटत नाही.

फ्लॉकला 'उणे ओ' (चालवलेल्या कमांडकडे डिस्क्रिप्टर न देणारा पर्याय) द्यावा का? पण मग लॉक फक्त फ्लॉकच्याच हाती राहतं. तो मध्येच मारला गेला तर चालू फेरीवर दुसरी चढेल. की फक्त वर्करपुरता डिस्क्रिप्टर बंद करावा? सिस्टमडी टायमरमध्ये (क्रॉनऐवजी वापरता येणारी लिनक्सची सोय) फेऱ्या चढत नाहीत, पण सर्व्हिस संपताच वर्करही मारला जातो, म्हणजे त्याची वेगळी युनिट (सिस्टमडीला काय चालवायचं ते सांगणारी फाइल) हवी.

प्रॉडक्शनवर यातलं काय वापरता? युनिट फाइल असेल तर कृपया टाका.