जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके

प्रश्न: कुंडीतल्या जास्वंदीचे शेंडे आखडलेत, कळ्या गळतात, बेचक्यांत पांढरे पुंजके. पानं चिकट, वर काळा थर. बुरशीनाशक दोनदा मारलं, फरक शून्य. काय करू?

उत्तर १: हा पिठ्या ढेकूण, त्याला बुरशीनाशक लागू पडत नाही. काळा थर त्याच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी. कीड गेली की ओल्या फडक्याने पुसून निघतो. आखडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. बेचके जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग 1 लिटर कोमट पाण्यात आधी 2 मिली सौम्य द्रवसाबण, नंतर 5 मिली कडुनिंबाचं तेल ढवळा. साबणाविना तेल तरंगतं आणि जिथे एकवटून पडतं तिथे पान करपतं. फवारणी संध्याकाळीच, पानांच्या खालूनही.

उत्तर २: एकदा मारून थांबू नका! अंडी मेणकट कापसात असतात, तिथवर द्रावण पोचत नाही. दर 7 दिवसांनी 3-4 वेळा फवारा. मुंग्यांची रांगही तोडा. गोड स्रावासाठी त्या या किडीची राखण करतात.

उत्तर ३: आधी नीट निरखा. मोठा, झालरदार, भराभर चालणारा पांढरा किडा दिसला तर ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी. ती पिठ्या ढेकूणच खाते, तिला कृपया मारू नका.