बँड सुटला म्हणून गिटारिस्ट संपत नाही

इंडी रॉकमधला, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र रॉक संगीतातला, गाणी रचणारा गिटारिस्ट बँडमधून बाहेर पडला की त्याचं करिअर संपलं, हे मत मला अजिबात पटत नाही. ब्रिटिश गिटारिस्ट जॉनी मारचंच बघा. १९८२ मध्ये मँचेस्टरला त्याने गायक मॉरिसीबरोबर ‘द स्मिथ्स’ हा बँड सुरू केला. शब्द मॉरिसीचे, चाली मारच्या. १९८७ मध्ये त्याने बँड सोडला तेव्हा त्याचं वय होतं २३! पुढे ‘द द’ नावाचा बँड, मग न्यू ऑर्डर या बँडच्या बर्नार्ड सम्नरबरोबर ‘इलेक्ट्रॉनिक’ हा बँड, नंतर अमेरिकेतला ‘मॉडेस्ट माउस’ हा बँड. तो सोबत असतानाचा त्यांचा २००७ चा अल्बम तर बिलबोर्डच्या अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत पहिल्या नंबरवर गेला. निव्वळ स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम आला २०१३ मध्ये.

हे जमलं कशामुळे? मला वाटतं, त्याच्या वाजवण्यामुळे. लांबलचक सोलोंच्या, म्हणजे गिटारने एकटीने गाजवायच्या तुकड्यांच्या, नादी तो फारसा लागलाच नाही. कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीचे, स्वर एकदम न छेडता एकेक सुटा करायचा, त्यावर गिटारचे आणखी थर चढवायचे, आणि हे सगळं गायकाच्या ओळीला जागा ठेवून. असा माणूस कुठल्याही बँडला हवाच असतो.

मी नौपाड्यात गिटार शिकवतो. बहुतेक मुलांना आधी वेगवान सोलो हवा असतो. माझी एक विद्यार्थिनी मात्र मराठीत स्वतःची गाणी रचते. नोकऱ्यांपायी तिचा बँड फुटला, तेव्हा तिने गिटार विकायला काढली होती. तिला मी हेच सांगितलं: चाली तुझ्या आहेत, त्या तुझ्याबरोबरच येतील. आता ती वाशीच्या दोघांबरोबर जॅमिंग करते.