मदत हवी आहे : मुलासाठी गादी कोणती घेऊ? (जळगाव)

मेहरूणकाठ
मुलासाठी गादी घ्यायची आहे, रविवारी दुकानात जायचंय. दुकानदार मेमरी फोमच्या मागे लागलाय, सासरे म्हणतात कापसाची भरून घेऊ, नवरा म्हणतो ऑनलाइन मागव. आत्ताच्या गादीवर पोरगा झोपतच नाही, रात्री उठून आमच्यात येतो. सरळ नाव सांगा, कोणती घेऊ? सगळे 'बघून घ्या' म्हणतात, बघून बघून डोकं फिरलंय.

यावलकर
ताई, मुलगा केवढा आहे ते लिहिलंच नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर घट्ट, सपाट गादी लागते. उशी नको, मऊ दुलई-खेळणी आजूबाजूला नकोत आणि उताणं झोपवायचं. मोठा असेल तर गोष्ट वेगळी. पलंगाचं माप काय? खाली पट्ट्या आहेत की सलग प्लाय?

मेहरूणकाठ
बाळ कसलं, पहिलीत आहे. पलंग बॉक्सचा, सहा बाय तीन. खाली प्लाय असणार, बॉक्सचा म्हटल्यावर. आता सांगा.

कपाशी_अमळनेर
ताई, आपला खान्देशमा कापूसनी गादीच खरी! जिथे कपाशी पिकते तिथे फोमवर कशाला झोपायचं? मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, फोमवर पाठ भाजते. सहा बाय तीनला आठ-दहा किलो कापूस पुरे. पिंजाऱ्याकडे स्वतः उभं राहून भरून घ्या. कवडी (किडका, पिवळट) कापूस नको, गिरणीचं वेस्ट तर नकोच. मूठभर हातात घेऊन चोळून बघा : चांगल्या कापसाचा धागा लांब निघतो, वेस्टचा भुगा होतो. खोळ जाड घ्या आणि टाके जवळजवळ मारायला सांगा, नाहीतर वर्षभरात गोळे होतात.

फोमवाला_धुळे
गोळे होतात हे तुम्हीच लिहिलंत. माझं धुळ्याला गाद्यांचं दुकान आहे, आधीच सांगतो म्हणजे नंतर आरोप नको. कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी उसवून पिंजून घ्यावी लागते. कोण घेतं आता? मग मधे खड्डा पडतो आणि पोर त्या खड्ड्यात झोपतं. ३२ डेन्सिटीचा साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम, चार इंच, वर सुती कापड. पहिलीतल्या मुलाला भरपूर झाला. मेमरी फोम मात्र नको. तो अंगाच्या उष्णतेने मऊ पडतो आणि उष्णता धरून ठेवतो, लहान मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

कपाशी_अमळनेर
धंदा आहे म्हणून फोम. ३२ कशाला मग, ४० घ्या की, अजून कडक मिळेल.

फोमवाला_धुळे
भाऊ, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. ४० चा फोम मऊही असतो, ३२ चा कडकही. जास्त डेन्सिटीचा फोम लवकर बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कडकपणा हाताने बघायचा : तळहात टेकवून जोर द्या, हात रुतून राहिला तर सोडून द्या, लगेच वर आला तर ठीक. आणि मुलाला सोबत न्या, दुकानात कुशीवर झोपवा, पाठीची रेघ सरळ राहते का ते मागून बघा.

मास्तर_निवृत्त
माझ्या कमरेत गॅप आहे, चौथ्या-पाचव्या मणक्यात (एल-४ एल-५). डॉक्टरांनी जमिनीवर चटई टाकून झोपायला सांगितलं होतं. सहा महिने झोपलो, उठताना जास्तच त्रास झाला. मग काथ्याच्या गादीवर आलो, तेव्हापासून बरं आहे. कंबर दुखणाऱ्यांनी काथ्या घ्यावा. सकाळी कोमट पाण्याने शेक घ्यावा.

मेहरूणकाठ
मास्तर, माझ्या मुलाची कंबर दुखत नाही. तो सहा वर्षांचा आहे.

यावलकर
काथ्या मुलांसाठी वाईट नाही, हवा खेळते. पण रबर लावलेल्या काथ्यावर मुलं उड्या मारतात आणि मधला भाग दबतो. दबला की फुगत नाही.

नंदुरबारची_आई
गादीचं बघूच. मी बालरोग वॉर्डात नर्स आहे, म्हणून आधी दुसरंच विचारते. रात्री किती वाजता उठतो? घामाघूम असतो का? घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? अंथरूण ओलं करतो का? झोपायची वेळ काय? आणि कूलर कुठे आहे?

मेहरूणकाठ
ताई, मी गादी विचारली होती. बरं. उठतो दोन-अडीचला. घोरत नाही. कूलर खिडकीत, पलंग त्याच्या समोरच, नाहीतर झोप लागत नाही. सकाळची शाळा, बाराला घरी येतो, जेवून पाचपर्यंत झोपतो. रात्री साडेअकरा होतात, तोपर्यंत बाबांचा मोबाइल. अंथरूण कधी कधी ओलं असतं, म्हणूनच गादी बदलायची आहे, ते सांगायला काय लागतंय.

नंदुरबारची_आई
ओलं होतं हे पहिल्या ओळीत हवं होतं, कारण त्यावरच गादी ठरणार.

त्यासाठी रागावू नका, चारचौघांत तर अजिबात बोलू नका. या वयात कितीतरी मुलांचं होतं. सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालं असेल, सारखी तहान लागत असेल, दिवसाही चड्डी ओली होत असेल किंवा लघवीला जळजळ असेल, तर मात्र लघवी आणि साखर तपासून घ्या. बद्धकोष्ठता असली तरी होतं, तेही विचारा डॉक्टरांना.

आता झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. तुमचा मुलगा दुपारीच चार-पाच तास काढतो, मग रात्री नवाला झोप येणार कुठून? पंधरा दिवस दुपारची झोप तासाभरावर आणा, तीही तीनच्या आत संपवा. झोपायच्या तासभर आधी मोबाइल बंद, बाबांचासुद्धा. चहा देत असाल तर संध्याकाळचा बंद करा. रोज त्याच वेळी तेच करायचं : हातपाय धुणं, लघवी, अंथरुणावर गोष्ट, दिवा बारीक. सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ.

पुणेकर_खान्देशी
मूळ दोष सकाळच्या शाळेचा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात म्हटलं आहे. शाळेला लेखी विचारा.

मास्तर_निवृत्त
पुण्यात बसून ठीक आहे. एप्रिलमध्ये इथे नऊला शाळा भरवली तर पोरं एक-दोनच्या उन्हात घरी जातील. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळची शाळा असते ती मुलांच्या जिवासाठीच.

पुणेकर_खान्देशी
उन्हाळ्याचं समजतं मास्तर. पण जुलै ते जानेवारी सातला कशासाठी? सहाला उठवलेलं पोर वर्गात पेंगतं, हे तुम्ही पाहिलं असेल ना?

मास्तर_निवृत्त
पाहिलं आहे. पहिल्या तासाला फळ्याकडे बघत झोपायची. ते मान्य.

यावलकर
विषय शाळेवर गेला. ताई, एक काम करा, रविवारची वाट न बघता आत्ताची गादी उचलून खालची बाजू बघा. पलंग कूलरसमोर, खाली सलग प्लाय आणि वरून ओलं होतं म्हणता. ओल जाणार कुठे?

मेहरूणकाठ
बघितली. भिंतीकडच्या बाजूला हातभर लांबीचा काळा डाग, बारीक ठिपक्यांचा, आणि प्लायवर पांढरी बुरशी. चादर स्वच्छ होती हो, वरून काही कळत नव्हतं. कोंदट वासही खालीच बसलेला. ही मेमरी फोमचीच गादी आहे, दिराने दिलेली.

नंदुरबारची_आई
ती गादी मुलाच्या खाली पुन्हा घालू नका. बुरशीने शिंका, खोकला सुरू होतो, दमा असेल तर वाढतो. दमट गादीत धुळीचे किडेही वाढतात.

यावलकर
प्लायला सुताराकडून भोकं पाडून घ्या, चार-चार बोटांवर. पलंग भिंतीपासून थोडा सरकवा. कूलरची हवा थेट अंगावर नको, आणि समोरची खिडकी वितभर उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसती वाफ भरतो. पावसाळा लागला की पंख्यावर या, दमट हवेत कूलर काही गार करत नाही.

कपाशी_अमळनेर
आणि कापसाची गादी गच्चीवर दोन तास टाकली की खडखडीत. फोम उन्हात टाकून बघा, पिवळा पडून भुगा होतो.

फोमवाला_धुळे
हे मात्र खरं. फोम सावलीत, वाऱ्यावर उभा करून वाळवायचा. पण ओलं करणाऱ्या मुलाला कापूस द्याल तर आतपर्यंत मुरेल आणि आठ-दहा किलोची ओली गादी जिन्यावरून गच्चीवर कोण नेणार? कोणतीही घ्या, वर वॉटरप्रूफ कव्हर घाला. रेक्झिनचं नको, घाम येतो. वरून सुती टेरी, खाली पातळ थर असं मिळतं. दोन घ्या, एक धुवायला.

मेहरूणकाठ
प्लायला भोकं पाडली. चार इंची साधा फोम घेतला, कव्हरं दोन घेतली. सासऱ्यांनी पातळ कापसाची गादीही भरून आणली, ती कव्हरच्या खाली घातली आहे. नऊला दिवा बारीक करतो, दहाच्या आत झोपतो. मोबाइलसाठी दोन-तीन दिवस रडारड झाली. आमच्यात अजून येतो, पण पहाटे. हे कसं थांबवायचं?

नंदुरबारची_आई
आला की न बोलता, न रागावता हात धरून त्याच्या पलंगावर परत न्या. दिवा लावू नका, गप्पा नकोत. झोप लागेपर्यंत शेजारी बसा आणि दर दोन-चार दिवसांनी खुर्ची थोडी दाराकडे सरकवा. घरातल्या सगळ्यांनी एकच करायचं. आजोबांनी एकदा कुशीत घेतलं की पुन्हा पहिल्यापासून.

मेहरूणकाठ
आजोबांना सांगते. अवघड आहे, पण सांगते.

कपाशी_अमळनेर
सासऱ्यांनी कुठे भरली? किलोला काय भाव लावला?

मास्तर_निवृत्त
मलाही पत्ता हवा आहे. नातीसाठी.

मेहरूणकाठ
दोघांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.